अक्षरावर भाव

आमच्या दुकानात भांड्याचा भाव किलोवर ठरायचा आणि नावाचा अक्षरावर. सुलतानपुरात वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणारा रस्ता गावातून जातो, लोणारकडे जाणारा इथूनच फुटतो. त्यामुळे लग्नसराईत आजूबाजूच्या खेड्यांतल्या बैलगाड्या दारात उभ्या असायच्या. ही १९७०च्या आसपासची गोष्ट. गुंड असो, गंज असो की कोपर, तराजूत पडला की वडील आकडा सांगत आणि त्यावर फारशी घासाघीस होत नसे, कारण पितळेचा भाव गिऱ्हाइकाला घरूनच ठाऊक असायचा. खरी घासाघीस नावावर. अक्षराला पाच पैसे. मग काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी मोजायची की त्याच अक्षराच्या पोटात? “मातरेचे बी पैसे घेता काय?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की व्याकरणाच्या तासाला मात्रा म्हटलं की मला पैसेच आठवायचे. वडिलांनी शेवटी कायदा करून टाकला होता: जोडाक्षर एकच धरायचं, मात्रा-वेलांटी फुकट, अनुस्वार तर फुकटच, आणि ‘सौ.’ला पैसे नाहीत.

या भावामुळेच गावोगावच्या मांडणीवर आद्याक्षरं दिसतात. स्वतःचं एक, बापाचं एक, आडनावाचं एक, मध्ये टिंबं. तीन अक्षरांत अख्खा माणूस. पण ज्याच्या घरी पहिलंच लग्न असे तो कंजुषी करत नसे. पूर्ण नाव, ‘मु. पो.’ धरून गाव, आणि वर तारीख.

नावं घालायला लग्नसराईपुरता एक काका आमच्या ओट्यावर बसायचा. मूळचा कासारकामातला. त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरांचे आकार मात्र त्याच्या हातात बसलेले होते. चिठ्ठी लिहून द्यायचं काम माझं. मी पाचवी-सहावीत असेन. गिऱ्हाईक सांगेल ते नाव मी मोठ्या अक्षरात कागदावर उतरवायची, काका ते समोर ठेवून भांड्यावर पेन्सिलीनं आखायचा आणि मग ठोकायला घ्यायचा. एखादं नवं अक्षर आलं की विचारायचा, “याचं तोंड कोणीकडं?” ‘ण’ आणि ‘ज्ञ’ त्याला आवडत नसत. ‘ज्ञ’साठी त्यानं एकदा जास्तीचे पाच पैसे मागितले होते आणि वडिलांनी कायदा बाजूला ठेवून ते दिले.

काम कसं चालायचं ते नीट सांगते, कारण आता ते बघायला मिळत नाही. कोपरासारखं पसरट भांडं ओंडक्यावर उपडं घालायचं. गुंडाचं तोंड लहान, आत हात जेमतेम जातो. तो गोणपाटावर आडवा करून दोन्ही पायांत धरायचा. मग अणकुचीदार पोलादी खिळा थोडा तिरका धरून वर हातोडीचा हलका घाव. एका घावाला एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लावत रेघ पुढं जायची. ठोका जड पडला तर पातळ पितळेला आतून पोचा येतो, हलका पडला तर चार वर्षांच्या घासण्यात अक्षर जातं. काशाच्या ताटाला तो फार जपायचा. कासं म्हणजे तांबं आणि कथील. आवाजाला गोड पण ठिसूळ, जोराचा घाव सोसत नाही, सरळ तडकतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते मार खातं. तांबं तर त्याहून मऊ.

यात धातू कुठे निघून जात नाही, नुसता दबतो, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. कोरायचं म्हणजे धारदार हत्यारानं धातूची बारीक सळई उचलून काढायची. ठोकायचं म्हणजे त्याला बाजूला सारायचं. सोन्याचांदीच्या कामात हा फरक पैशात मोजला जातो. आमच्याच जिल्ह्यातलं खामगाव चांदीसाठी नावाजलेलं, त्याला रजतनगरी म्हणतात. तिथल्या ताम्हनावर, देवाच्या प्रभावळीवर जी वेलबुट्टी उठून दिसते तिच्यात बरंच काम ठोकण्याचं. पत्र्याखाली राळेचा थर घ्यायचा म्हणजे घाव झेलला जातो, मग वेगवेगळ्या तोंडांच्या कलमांनी मागून उठाव द्यायचा आणि पुढून रेघ बसवायची. चांदी तेवढीच राहते. कोरून काढलं तर चूर पडतो, आणि तो चूर कोणाचा, गिऱ्हाइकाचा की सोनाराचा, यावरून भांडणं होतात. पितळेचा चूर कोणी मागितला नसता, तरी आमच्याकडे ठोकणंच चालायचं. ते लवकर होतं.

आता नावं घालायचीच कशाला? पहिलं कारण अगदी रोकडं: भांडी गावभर फिरायची. तेव्हा मंगल कार्यालय नव्हतं, भाड्यानं भांडी देणारा नव्हता. एका घरी लग्न निघालं की अर्ध्या गल्लीतले कोपर, पराती, घागरी, तांबे त्या मांडवात जमा व्हायचे. पाचशे पानांची पंगत उठली की घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांच्या ढिगातून आपलं शोधायचं. अक्षर येणारी घरं अक्षर बघायची. न येणारी खूण बघायची: काठाशी तीन टिंबं, एक चांदणी, चंद्रकोर, नांगराच्या फाळासारखी तिरकी रेघ. आजीच्या मांडणीतल्या सगळ्यात जुन्या घागरीवर अक्षर एकही नाही; गळ्याखाली पाच ठिपके आणि त्यांच्याभोवती एक गोल. त्या खुणेवर आमची घागर दोन गल्ल्या पलीकडूनही परत यायची.

दुसरं कारण आहेराचं. मामाकडून, आत्याकडून, शेजाऱ्यांकडून आलेलं प्रत्येक भांडं बोलतं असायचं. ‘चि. सौ. कां. अमकी हिस तमक्याकडून सप्रेम भेट’ आणि तारीख. घरी मयत झाली तर वर्षश्राद्धाला देवळात समई किंवा घंटा द्यायची, तिच्यावर ‘कै.’ आणि ‘स्मरणार्थ’. मी पुढं इतिहास शिकवायला लागले, ताम्रपटांची वाचनं हातात आली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ही मांडणी हुबेहूब दानपत्राची आहे. देणारा कोण, घेणारा कोण, दोघांचं कूळ आणि गाव, कोणत्या निमित्तानं, कोणत्या दिवशी. राजा गाव देत असे, मामा कोपर देतो. फरक वजनाचा आहे, मजकुराचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे धातूवर लिहिण्याची जी दीड-दोन हजार वर्षांची सवय आहे तिची शेवटची आणि सगळ्यात दाट वस्ती ही स्वयंपाकघरातल्या मांडणीवर होती, आणि ती मुख्यतः बायकांच्या नावानं होती.

सातबारा पुरुषाच्या नावावर. घराचा उतारा पुरुषाच्या. रेशनकार्डावर तेव्हा पहिलं नाव त्याचं असायचं. माझ्या आजीचं नाव तिच्या हयातीत कागदावर फार थोड्या ठिकाणी आलं असेल. पितळेवर मात्र ते कितीतरी ठिकाणी होतं. त्यातही गंमत अशी की ते एक नाव नव्हतं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहून मुलीचं नाव बदलायची रीत. आहेराची भांडी मात्र आधीच तयार करून आणलेली, त्यामुळे त्यांच्यावर माहेरचं नाव. सासरी गेल्यावर घेतलेल्या भांड्यांवर सासरचं. एकाच फळीवर शेजारी शेजारी दोन बायका बसलेल्या, आणि दोन्ही आजीच.

याला कायद्याची धार होती. आमच्या वस्तीत एक सोडचिठ्ठी झाली तेव्हाचं मला आठवतं. पंच ओट्यावर बसले, सासरची भांडी अंगणात मांडली आणि एक जाणता माणूस एकेक भांडं उचलून नाव वाचत गेला. माहेरच्या नावाचं एका बाजूला, सासरच्या नावाचं दुसऱ्या बाजूला. एका मोठ्या गंजावर नाव नव्हतं. त्यावरून दुपारपर्यंत वाद चालला आणि शेवटी तो सासरीच राहिला. त्या लग्नसराईत आमच्या दुकानात विनानावाचं भांडं कोणी नेलं नाही, चमचा-पळीसुद्धा.

माहेरचं नाव धातूवर टिकवण्याची ही हट्टी रीत किती जुनी असावी? विदर्भातलं एक उदाहरण तरी दीड हजार वर्षांपलीकडचं आहे, आणि ते राणीचं आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला वाकाटकांची राजधानी नंदिवर्धनला होती, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. राजा रुद्रसेन दुसरा वारला, मुलं लहान, आणि कारभार राणी प्रभावतीगुप्तेनं हाती घेतला. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. युवराज दिवाकरसेनाच्या वतीनं राज्य करताना तेराव्या वर्षी तिनं एका आचार्याला दंगुण नावाचं गाव दान दिलं. त्या ताम्रपटाची सुरुवात बघावी. दानपत्रात आधी राजघराण्याची वंशावळ येते, ती सासरची असायला हवी. प्रभावतीनं गुप्तांची दिली. बाप, आजोबा, पणजोबा. मग आई कुबेरनागा, तीही नागकुळातली म्हणून सांगितलेली. गोत्र धारण, म्हणजे बापाचं. सासरचं विष्णुवृद्ध गोत्र तिनं स्वतःला लावलं नाही. त्यानंतर कुठं आपण वाकाटक महाराजांची पट्टराणी आणि युवराजाची आई असल्याचं येतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं हे नाव आहे, आणि मला ते वाचताना आजीच्या फळीवरचं डावीकडचं भांडं दिसतं. माहेर आधी.

हा ताम्रपट मिळाला कोणाकडे? एका तांबटाकडे. पुणे ताम्रपट म्हणून तो ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला का. बा. पाठकांनी आणि काशिनाथ दीक्षितांनी तो वाचून प्रसिद्ध केला. तांबटाच्या घरी जुन्या तांब्याची वाट एकच, भट्टीची. हे पत्रे त्या वाटेनं गेले नाहीत हे आपलं नशीब. किती गेले असतील याची मोजदाद कोण करणार? अलीकडे नगरधनच्या उत्खननात प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्राही निघाली, तिच्यावर शंख आहे.

वाकाटकांची दुसरी शाखा आमच्या आणखी जवळची, वत्सगुल्म म्हणजे वाशीमची. तिथला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ मध्ये उजेडात आला. त्याच्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षाचा, चार पत्र्यांचा. सुरुवात संस्कृतात आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. हेही आमच्या चिठ्ठ्यांसारखंच: वर ‘श्री’ शुद्ध आणि खाली गावचं नाव जसं बोलतात तसं. वाकाटकांच्या लेखांचा मोठा ग्रंथ वा. वि. मिराशींनी केला, तो १९६३चा. त्यातली छायाचित्रं मी तासन्‌तास बघितली आहेत, मजकुरापेक्षा अक्षरांसाठी. वाकाटकांच्या लिपीत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक चौकोनी पेटी असते. म्हणूनच तिला पेटिकाशीर्ष म्हणतात. अक्षर वाचायला त्या पेटीची काडीची गरज नाही. ते नुसतं सजवणं. एका पत्र्यावर शेकडो अक्षरं आणि प्रत्येकावर पेटी! आमचा काका शिरोरेघसुद्धा गाळायचा. ठिपके वाचतात ना. राजाच्या कारागिराला अक्षरावर भाव नसावा, असं मी वर्गात म्हणायची आणि पोरं हसायची.

मेहकरचं इथं सांगितलं पाहिजे. तिथल्या शारंगधर बालाजीची उंच, काळ्या पाषाणातली मूर्ती १८८८ मध्ये जमिनीतून निघाली. तिच्याबरोबर ताम्रपटही निघाला होता आणि तो साहेबानं नेला, असं मेहकरात सांगतात. सांगणारा प्रत्येक जण तो ताम्रपट जणू स्वतः धरून बघितल्यासारखा सांगतो. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायला लोक लांबून येतात, तासभर बघतात, फोटो काढतात. त्या कामाबद्दल मी इथं लिहीत नाही, कारण दगडाची भाषा वेगळी आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तांबटाच्या हाताला अक्षर आणि चित्र या दोन्हीची सवय होती याचा पुरावा पेशवाईत सापडतो. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट आणि चित्रकार जेम्स वेल्स यांच्या हाताखाली गंगाराम तांबट नावाचा माणूस तयार झाला. वेरुळची, कार्ल्याची लेणी त्यानं काढली. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्याच सुमारास नाना फडणवीसांच्या मनात आलं की गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापावी, आणि एका तांबटाला ते काम शिकवलं गेलं. नानांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. ती गीता १८०५ मध्ये मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयानं छापून निघाली. छापायचा पत्रा म्हणजे अक्षर उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं. ठिपके देऊन भागत नाही, शाई धरायला रेघ खोल आणि सलग लागते. ज्या हातानं आयुष्यभर सुलटी नावं घातली त्याला उलटी गीता घालताना काय झालं असेल, ते फक्त काकाला कळलं असतं.

स्टीलनं हे सगळं बदललं. न गंजणारं पोलाद १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्लीनं केलं, पण आमच्या फळीवर ते येईपर्यंत अर्धं शतक उलटलं. कल्हई नको, चिंच नको, राख पुरे. बायकांना याहून मोठं सुख कोणतं? मी पितळेची कितीही बाजू घेतली तरी पहाटे उठून गुंड घासणारी मी नव्हते, आई होती. पण काकाचा खिळा स्टीलवर घसरायला लागला. या पोलादाची खोड अशी की जितकं ठोकाल तितकं ते जास्त कडक होतं. पहिला ठिपका कसाबसा उठतो, शेजारचा बसत नाही. दोन लग्नसराया त्यानं रेटून बघितलं. खिळ्याची टोकं रोज घासून आणायचा. मग तो यायचा बंद झाला, आणि वडिलांनी विजेचं मशीन आणलं.

हातात मावेल एवढं यंत्र, पुढं टणक सुई, आत विजेवर थरथरणारा लोहचुंबक. या थरथरत्या सुईची पूर्वज एडिसनची विजेची लेखणी म्हणता येईल. १८७६ मध्ये त्यानं तिचं पेटंट घेतलं ते कागदाला बारीक भोकं पाडून एका पत्राच्या अनेक प्रती काढायला. कचेऱ्यांत ती फार दिवस टिकली नाही. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीनं तशाच सुईवर गोंदण्याचं यंत्र केलं. म्हणजे भांड्यावरचं नाव आणि हातावरचं नाव यांची सुई एकाच घराण्यातली. आमच्याकडे जत्रेत ती खरोखरच शेजारी शेजारी बसायची: एकाकडे तांब्या द्यायचा, दुसऱ्यापुढं मनगट धरायचं. गोंदणारा ठिपक्याचेही पैसे मोजून घ्यायचा, म्हणजे आमच्या वडिलांपेक्षा कडक.

मशीन आल्यावर नावाचा भाव मोडला. मिनिटाला एक नाव व्हायला लागलं तेव्हा अक्षरं कोण मोजतो? नाव भांड्याबरोबर फुकट. आणि फुकट झाल्यावर मजकूर वाढायच्या ऐवजी आकसला, हे मला अजून उलगडलेलं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कोपरावर पाच ओळींचा आहेर वाचता येतो, अलीकडच्या डब्यावर नुसतं आडनाव. त्याच्या रेघाही बारीक, केसासारख्या. उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत.

जुनं पितळ आता मोडीत जातं. बायका घर बदलताना, वाटण्या होताना, मुलं शहरात नेताना गुंड आणि घंगाळं काढून टाकतात. मोड घेणारा घट कापून भाव सांगतो आणि पोत्यात भरतो. मी मेहकरच्या एका मोडवाल्याकडे अधूनमधून जाते. विकत घेत नाही, एवढं घर मोठं नाही. पातळ कागद भांड्यावर दाबून धरायचा आणि वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवायची. ठिपके कागदावर उतरतात. शिलालेखाचा ठसा ओला कागद ठोकून घेतात, त्याचीच ही स्वस्तातली तऱ्हा. मोडवाल्याला वाटतं बाईचं डोकं फिरलंय, पण चहा पाजतो. माझ्या फायलीत अशा ठशांत शके घातलेले गडवे आहेत, खुणांचे आहेत. एका परातीवर पहिलं नाव ठिपक्यांनी खोडून खाली दुसऱ्या हाताचं दुसरं नाव आहे, म्हणजे ती विकली गेली, की गहाण सुटली नाही, की सवतीकडे गेली? नागपूरच्या अजबबंगल्यात ताम्रपट काचेत ठेवतात, ते बरोबरच आहे. या परातीला काच नको. पण वितळण्याआधी कोणी वाचून घ्यायला हरकत नाही.

भाचीचं लग्न परवाच झालं. नोकरी पुण्यात, लग्नानंतर नाव बदलायचं नाही हे तिनं आधीच सांगून टाकलेलं. सासरचं आडनाव नको असं नव्हे, ते शेवटी जोडायचं. तिला मी पितळेचा कोपर दिला. मशीनवाल्या पोरानं तिचं नाव, माझ्या भावाचं नाव, आमचं आडनाव असं काठाला धरून घातलं आणि सासरच्या आडनावाशी येऊन थांबला. काठ संपत आला होता. “मॅडम, हे बसत नाही, शॉर्टमध्ये टाकू?” भाची म्हणाली, “टाक.”